सोडून आल्यानंतरची साधना



एखाद्या कडक शिस्तीच्या पंथातून, आश्रमातून किंवा संप्रदायातून तुम्ही बाहेर पडला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरातले कोणी तसे बाहेर पडले असेल, तर तुमच्यासाठीही आहे. आणि आज तुम्ही एखाद्या मंडळात आनंदाने साधना करत असाल, तरीही वाचा. जो गेला त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न मागे राहिलेल्यांपुढेही असतोच.

बाहेर पडण्याचा दिवस लोकांना दिसतो. त्यानंतरची वर्षे कोणाला दिसत नाहीत. पहाटे चारला जाग येते आणि उठण्याचे कारण उरलेले नसते. पानात कांदा पडला की हात थबकतो. ज्या घरी वीस वर्षे जाणे-येणे होते, तिथल्या लग्नाची पत्रिका येत नाही. आई फोनवर जेवलास का एवढेच विचारते आणि ठेवून देते. गाडी पंक्चर झाली, मुलाला ताप आला, की आतून कोणी तरी म्हणते, "सांगितले होते ना, बाहेर गेलास तर वाटोळे होईल." बुद्धीला ते पटत नाही, पण छाती धडधडतेच.

अशा वेळी मन दोन टोकांना धावते. काही जण भीतीपोटी परत फिरतात आणि न पटलेल्या गोष्टींपुढे मान तुकवत राहतात. काही जण रागापोटी सगळेच भिरकावून देतात. त्या पंथाने शिकवले म्हणून प्रार्थना नको, मौन नको, संयमही नको. पहिल्याला पंथाने बांधले आहे हे उघड आहे. दुसऱ्यालाही पंथानेच बांधलेले असते, फक्त दोरी उलट्या बाजूने ओढलेली असते. रोज सकाळी उठून त्या लोकांच्या विरुद्ध काय करायचे हेच जो ठरवतो, त्याचा दिवस अजून तेच लोक ठरवत आहेत.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे : समुदाय सुटला म्हणजे धर्म सुटला का? याचे उत्तर शोधण्यासाठी भगवान बुद्धांच्या चरित्रातील एका प्रसंगाकडे जाऊ. गृहत्याग आणि बोधिप्राप्ती या दोन मोठ्या घटनांच्या मध्ये हा प्रसंग येतो, म्हणून आपण तो बहुधा घाईने ओलांडतो.

उरुवेलेचे तपस्वी

सिद्धार्थ गौतमांनी वयाच्या २९व्या वर्षी घर सोडले. पस्तिसाव्या वर्षी त्यांना बोधी प्राप्त झाली, असे परंपरा सांगते. या मधल्या सहा वर्षांत त्यांनी घराखेरीज आणखी तीन ठिकाणे सोडली, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

प्रथम ते आळार कालामांकडे गेले. त्यांची ध्यानविद्या गौतमांनी लवकरच आत्मसात केली. आळारांनी त्यांना बरोबरीचे स्थान देऊ केले. दोघे मिळून हा शिष्यगण सांभाळू, असे म्हटले. गौतम तिथून निघाले. मग उद्दक रामपुत्तांकडे गेले. तिथे तर साऱ्या गणाचे आचार्यपदच पुढे आले. तेही त्यांनी घेतले नाही. दोन्ही ठिकाणी त्यांना कोणी त्रास दिला नव्हता. उलट मान मिळाला होता. पण ज्या दुःखमुक्तीसाठी घर सोडले, ती तिथे मिळत नव्हती. मानाच्या जागेवरून उठणे हे अपमानाच्या जागेवरून उठण्यापेक्षा अवघड असते. ज्यांनी एखाद्या संस्थेत सेवेकरी म्हणून, प्रचारक म्हणून, प्रमुख म्हणून वर्षे घालवली आणि मग ती सोडली, त्यांना हे सांगायला नको.

तिसरे ठिकाण उरुवेला. निरंजना नदीच्या काठी, आजच्या बोधगयेच्या परिसरात. तिथे कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी हे पाच तपस्वी त्यांच्या सोबत होते. देह जितका कष्टवावा तितका आत्मा मोकळा होतो, अशी त्या काळच्या अनेक श्रमणांची श्रद्धा होती. गौतमांनी ती श्रद्धा शेवटपर्यंत तपासून पाहिली. श्वास कोंडून धरला. आहार कमी करत ओंजळभर कडधान्याच्या कढणावर आणला. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागे, अशी देहाची स्थिती झाल्याचे वर्णन पाली ग्रंथांत आहे. ते पाच जण हे पाहत होते आणि मनात म्हणत होते, याला सत्य सापडले की हा आपल्याला सांगेल.

थोडक्यात, तो एक लहानसा पण अत्यंत कडक समुदाय होता. त्याचा एक नियम कोणी लिहिला नव्हता, पण सर्वांना माहीत होता : जो जास्त सोसतो तो मोठा.

जांभळाच्या झाडाखालची आठवण

त्या टोकावर पोचल्यावर गौतमांच्या मनात एक विचार आला. याहून अधिक कष्ट आजवर कोणी सोसले नसतील, तरी मला हवे ते ज्ञान झालेले नाही. मग दुसरा काही मार्ग असेल का?

आणि त्यांना लहानपणीची एक गोष्ट आठवली. वडील शेताच्या कामात होते. बाळ सिद्धार्थ जांभळाच्या झाडाच्या गार सावलीत बसला होता. कोणी शिकवले नव्हते, कोणी धाक घातला नव्हता. तरी मन आपोआप निवले, एकाग्र झाले आणि आतून सुख झिरपले. त्या आठवणीसरशी त्यांनी स्वतःला विचारले : या सुखात वासना नाही, कोणाची हिंसा नाही, तर मग मी याला भितो का आहे?

साधकहो, कडक समुदायातून आलेल्या माणसाने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहिल्यावर माणूस पापाला भितो हे खरे, पण हळूहळू तो निर्दोष आनंदालाही भिऊ लागतो. मुलांसोबत मोठ्याने हसणे, पावसात भिजणे, गाणे गुणगुणणे, दुपारी निवांत पडणे. यात अधर्म कोठे आहे? मन दचकते, कारण त्याला दचकायची सवय लावलेली असते. सवय म्हणजे धर्म नव्हे. ही भीती नुसत्या वादाने जात नाही. ती उठते तेव्हा श्वासाकडे पाहत शांत बसावे, छातीतली धडधड पाहावी आणि ती कशी वाढते, कशी ओसरते ते जाणावे. दहा वेळा ओसरताना पाहिली की अकराव्या वेळी तिचा तेवढा धाक उरत नाही.

गौतमांच्या आठवणीत आणखी एक मर्म आहे. नवा मार्ग त्यांना दुसऱ्या एखाद्या गुरूच्या मठात सापडला नाही. समुदायात येण्यापूर्वीच जे आपले होते, त्यात तो सापडला. तुमच्याही आयुष्यात असे एखादे जांभळाचे झाड असेल. आजीच्या शेजारी बसून ऐकलेली सांजवात असेल, गावच्या नदीचा घाट असेल, एखाद्या आजाऱ्याची केलेली सेवा असेल. ते कोणत्याही पंथाने दिलेले नव्हते, म्हणून कोणताही पंथ सोडल्याने ते जात नाही.

जेव्हा सोबती पाठ फिरवतात

गौतमांनी अन्न घेतले. सुजातेच्या खिरीची कथा परंपरेत सर्वांच्या ओळखीची आहे. पण ते अन्न घेतल्याबरोबर पाचही सोबती उठून गेले. हा बिघडला, चैनीला लागला, तप सोडून खाली घसरला, असे ते म्हणाले. ज्याची त्यांनी इतकी सेवा केली, त्याला एका घासासाठी त्यांनी टाकले.

इतक्या वर्षांची सोबत, एकत्र सोसलेली उन्हे आणि थंडी, आणि शेवटी एक वाक्य : तो बिघडला. आजही असेच होते. तुम्ही कशासाठी निघालात हे कोणी विचारत नाही. काय खाल्ले, कोणता वेष टाकला, कोणत्या वारी उपवास मोडला, एवढेच मोजले जाते.

अशा वेळी मनाची ओढ असते ती स्वतःला निर्दोष ठरवण्याकडे. प्रत्येकाला गाठून समजवावे, पत्रे लिहावीत, पुरावे मांडावेत. गौतमांनी असे काही केले नाही. ते त्या पाचांच्या मागे धावले नाहीत आणि त्यांना खूश करण्यासाठी पुन्हा उपाशीही राहिले नाहीत. ते पिंपळाखाली बसले. ज्या कामासाठी निघाले होते ते काम त्यांनी पूर्ण केले. तुमची बाजू खरी असेल, तर तिचा सर्वांत मोठा पुरावा तुमचे जगणे हाच आहे. तो तयार व्हायला वेळ लागतो. लागू द्या.

आणखी एक. ते एकटे पडले, पण संयम त्यांनी सोडला नाही. उपासमार सोडली, शील सोडले नाही. अतिरेक टाकला, प्रयत्न टाकला नाही. सुखभोगाच्या ज्या जीवनातून ते आले होते, तिकडे ते परतले नाहीत. एका टोकाकडून सुटलेले मन वेगाने दुसऱ्या टोकाकडे जाते. मध्ये थांबायला बळ लागते. तेच मध्यम मार्गाचे बळ.

ऋषिपतनाला परत

बोधी प्राप्त झाल्यावर हे ज्ञान प्रथम कोणाला सांगावे, असा विचार बुद्धांनी केला. त्यांना पहिली आठवण झाली ती आळार कालामांची. म्हणजे ज्यांना सोडून आले त्यांचीच. ते सात दिवसांपूर्वी वारल्याचे कळले. मग उद्दक रामपुत्त आठवले. तेही आदल्या रात्रीच गेले होते. मग आठवले ते पाच सोबती, ज्यांनी पाठ फिरवली होती. या माणसांनी माझी फार सेवा केली आहे, असा विचार त्यांच्या मनात आला.

'त्यांनी मला टाकले' ही गोष्ट खरी होती. 'त्यांनी माझी सेवा केली' हीसुद्धा खरी होती. बुद्धांनी दुसरी आठवण धरली आणि चालू लागले. उरुवेलेहून वाराणसीजवळच्या ऋषिपतनापर्यंत, म्हणजे आजच्या सारनाथपर्यंत, दोनशेहून अधिक किलोमीटरची वाट आहे.

त्यांना दुरून येताना पाहून पाचांनी आपसांत ठरवले : उठायचे नाही, नमस्कार करायचा नाही, पात्र-चीवर घ्यायचे नाही, बसायचेच असेल तर बसू दे. पण ते जवळ आले आणि तो ठराव कोणालाच पाळता आला नाही. एकाने पात्र-चीवर घेतले, एकाने आसन मांडले, कोणी पाय धुवायला पाणी आणले. तरी शंका होतीच. एवढ्या तपाने मिळाले नाही ते तप सोडून कसे मिळेल, असे त्यांनी तीनदा विचारले. बुद्धांनी एवढेच विचारले की, यापूर्वी मी तुमच्याशी कधी असे बोललो होतो का? नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. मग ते ऐकायला बसले. देहाला सुखात लोळवणे आणि देहाला छळणे ही दोन्ही टोके टाळणारा मार्ग त्यांनी तिथे प्रथम ऐकला, आणि कौंडिण्यांना प्रथम उमगला.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की, सोडलेल्या प्रत्येक ठिकाणी परत गेलेच पाहिजे. जिथे तुमची फसवणूक झाली, छळ झाला, देहाची किंवा मनाची विटंबना झाली, तिथे जाण्याचे बंधन मैत्रीभावना घालत नाही. अन्यायाविरुद्ध दाद मागणे हाही धर्मच आहे, आणि ते द्वेषावाचून करता येते. अंतर राखूनही मंगल चिंतता येते. बुद्धसुद्धा परत गेले ते त्या समुदायाचे सदस्य व्हायला नव्हे. ते स्वतःच्या पायांवर उभे राहून गेले, हातात काही तरी देण्यासारखे घेऊन गेले.

काय ठेवावे, काय टाकावे

धान्य पाखडताना आपण सूप फेकून देत नाही आणि कोंडाही दळत नाही. जुन्या श्रद्धांचे असेच करावे. एकेक श्रद्धा हातात घ्यावी आणि तिला तीन गोष्टी विचाराव्यात. हिच्यामुळे माझ्या मनातला लोभ, द्वेष, भीती वाढते की कमी होते? ही दुसऱ्याला माझ्यापेक्षा हीन ठरवते का? आणि धाक काढून घेतला, तरी मी ही पाळीन का?

खोटे न बोलणे, नशा न करणे, दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणे, हे तुम्हाला एखाद्या फार कठोर माणसाने शिकवले असेल. तरी ते खरेच आहे. ठेवावे. पंथाबाहेरच्याच्या हातचे पाणी पिऊ नये, मुलीने शिकू नये, प्रश्न विचारणे हा गुरुद्रोह आहे, हे एखाद्या फार प्रेमळ माणसाने शिकवले असेल. तरी ते टाकावे. शिकवणाऱ्याच्या स्वभावावरून शिकवणीची पारख होत नाही.

नियम असणे वाईट नाही. वीणेची तार सैल असली की वाजत नाही, फार ताणली तर तेही बरोबर नाही. चालता चालता पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या सोण नावाच्या भिक्षूला बुद्धांनी हीच गोष्ट समजावली होती. नियम आणि बंधन यांतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. नियमाच्या घराला बाहेर जायचेही दार असते. म्यानमार आणि थायलंडमध्ये आजही अनेक पुरुष काही दिवसांसाठी किंवा महिन्यांसाठी भिक्षू होतात आणि मग चीवर उतरवून संसारात परततात. त्यांना कोणी पतित म्हणत नाही. धर्मानंद कोसंबी गोव्याच्या साखवाळचे. बुद्धधर्माच्या शोधात घर सोडून निघाले, १९०२ मध्ये श्रीलंकेत भिक्षू झाले, आणि पुढे चीवर उतरवून गृहस्थ झाले. पण अभ्यास आणि शील सुटले नाही. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, मराठीत बुद्धचरित्र लिहिले. आयुष्याच्या उत्तरकाळात त्यांनी पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिले. वेष बदलला, विचार वाढत गेले, शोध तोच राहिला.

घाई नको

एक घर सोडले की माणसाला दुसऱ्या छपराची घाई होते. रिकामेपण सोसवत नाही, म्हणून जो पहिला हात पुढे येतो तो धरावासा वाटतो. अशाने एका कडक पंथातून दुसऱ्या कडक पंथात जाणे फार होते.

नालंदेच्या उपालींची गोष्ट पाली ग्रंथांत आहे. ते निर्ग्रंथ श्रमणांचे मोठे उपासक होते. बुद्धांशी वाद करायला आले आणि त्यांचे म्हणणे पटून तिथेच शरण जायला तयार झाले. दुसरा कोणी असता तर त्याने गावभर पताका मिरवल्या असत्या, असे उपालींनाच वाटले. बुद्ध मात्र म्हणाले, नीट विचार करा, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने विचार करूनच पाऊल टाकावे. आणि पुढे असेही सुचवले की, आजवर तुमच्या घरी त्या श्रमणांना भिक्षा मिळत आली आहे. ती देणे यापुढेही मनात असू द्या. मार्ग बदलला, म्हणून जुन्या अतिथीला दारातून उपाशी पाठवायचे नाही. दुसऱ्या संप्रदायातून भिक्षुसंघात येऊ पाहणाऱ्यांसाठी तर चार महिने थांबण्याचा नियमच होता. आपल्याकडे येणाऱ्याला 'थांब' असे जे सांगू शकतात, त्यांच्याकडे जाण्यात धोका कमी.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५च्या ऑक्टोबरमध्ये केली. नागपूरला बुद्धधम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये २१ वर्षे गेली. निघण्याचा निर्णय पक्का होता, आणि पोचण्याची घाई नव्हती. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाने एवढा वेळ घेतला, तर आपण दोन-तीन वर्षे 'अजून ठरले नाही' असे म्हणत राहिलो, तर काय बिघडले?

या मधल्या काळासाठी थोडे पुरेसे आहे. पंचशील सांभाळावे. रोज ठरल्या वेळी थोडा वेळ शांत बसावे. वेळ तुम्ही ठरवलेली असावी. आठवड्यातून एकदा तरी ज्यात पंथाचा विचार करावा लागत नाही अशी सेवा करावी. एक-दोन माणसे अशी असावीत, ज्यांच्याशी मोकळे बोलता येते. मन फारच खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर जाणत्या डॉक्टरांची मदत घ्यावी. त्यात श्रद्धेची हार नाही. आणि मुलांसमोर जुन्या लोकांविषयी विष ओकू नये. त्यांना भीतीचा वारसा द्यायचा नाही म्हणून आपण बाहेर पडलो. द्वेषाचाही द्यायला नको.

जे आज समुदायात आहेत, त्यांनाही एक विनंती. तुमच्यातले कोणी निघून गेले, तर ऋषिपतनाच्या त्या पाच जणांना आठवा. त्यांनी न उठण्याचे ठरवले होते. पण समोरचा माणूस जवळ आला, तेव्हा त्यांनी आपला हट्ट मोडला आणि पाय धुवायला पाणी आणले. त्यांनी हट्ट धरला असता, तर जे ऐकायला मिळाले ते त्यांना मिळाले नसते. गेलेला माणूस कधी तरी दारात उभा राहील. तेव्हा एक आसन तरी मांडा.

नदी ओलांडल्यावर तराफा डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही, हा बुद्धांचाच दृष्टान्त. त्याला एवढीच जोड द्यावीशी वाटते की, तो तराफा काठावर जाळत बसण्याचीही गरज नाही. तो गळका होता, ओल्या लाकडाचा होता, तरी काही अंतर त्याने आणले. त्याला काठाला ठेवा आणि पुढची वाट चाला.

ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांचे मंगल होवो. ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांच्या मनातला दाह शांत होवो. जे बाहेर पडले ते निर्भय होवोत. जे आत आहेत ते उदार होवोत. सर्वांचे कल्याण होवो.